केशरबाईचा सूर्य

"आता हा शेवटचा फोकस. याच्यानंतर मी काई शिडीवर चढत नाही," नत्थुजी वरून म्हणाले आणि त्यांनी खालच्या माणसाला बटण दाबायची खूण केली.

पट्ट्यावर पिवळाधमक उजेड पडला. खाली बसलेल्या बायांनी माना वर करून पाहिलं आणि लगेच डोळ्यांवर हात धरले. मग कुणीतरी तोच हात त्या उजेडाखाली धरला, आणि बघता बघता सगळ्यांचे हात शेकोटीवर धरावेत तसे पट्ट्याच्या वर आले. जानेवारीतली सकाळ होती. पत्र्याच्या शेडमध्ये बोटं अशी आखडून जात की खडा उचलायला गेलं तर हातात डाळ येई.

अकोल्याच्या एमआयडीसीतली ही दालमिल. तुरीची डाळ यंत्रातून निवडून निघते. यंत्राला रंग कळतो, काळं-पांढरं ते बरोबर बाजूला उडवतं. पण डाळीच्याच रंगाचा खडा आला की त्यालाही ती डाळच वाटते. माणसालाही वाटते म्हणा, पण माणसाला रागावता येतं. म्हणून यंत्रानंतर एक सरकता पट्टा होता आणि त्या पट्ट्याला निवडाईच्या बाया होत्या. आधी शेडभर बाया असत, आता एका पट्ट्यापुरत्या उरल्या होत्या. केशरबाई त्यांची मुकादम.

मागच्या महिन्यात एका व्यापाऱ्याने खडे निघाले म्हणून माल परत पाठवला. तेव्हा नवे मॅनेजर अमोल साहेब स्वतः पट्ट्याजवळ येऊन उभे राहिले, वरच्या धूळ खाल्लेल्या ट्यूबलाइटकडे पाहिलं आणि म्हणाले, इथे एक चांगला फोकस पाहिजे. अमोल साहेब अमरावतीचे. इंजिनिअरिंग करून आलेले, वयाने लहान, पण माणूस वाईट नाही. जो उजेडात बसतो त्यालाच उजेड विचारावा, असं त्यांना कुणीतरी शिकवलेलं होतं. त्यांनी मिलच्या वायरमनला, म्हणजे नत्थुजींना, जठारपेठेतल्या दुकानातून परतीच्या बोलीवर दोन फोकस आणायला सांगितले. तिसरा हॅलोजन गोदामातच पडून होता. तिन्ही लावून बघू, बायांना बरा वाटेल तो ठेवू, असं ठरलं.

पहिला फोकस मिणमिणता निघाला, त्याच्याबद्दल कुणी बोललंसुद्धा नाही. दुसरा पांढरा एलईडीचा. तो लागला आणि डाळीचा दाणा न् दाणा सुटा दिसायला लागला. मातीचा कण, तुटलेलं टरफल, काही म्हणता काही लपेना. सगळ्यात तरुण दामिनी तर म्हणाली की याच्यात आपल्या हातावरच्या रेघासुद्धा वाचता येतील. काम तिथेच संपायला हवं होतं.

पण केशरबाई डाळीकडे पाहत नव्हती. ती पट्ट्याच्या सुरुवातीला बसलेल्या गोदाबाईकडे पाहत होती. पांढरा उजेड पडताच गोदाबाईने पदर कपाळावरून खाली ओढला होता आणि तिचे हात थांबले होते. डाळ तिच्यासमोरून जात होती आणि ती नुसती बसली होती, देवळात डोळे मिटून बसावं तशी. उजेड बंद झाला तेव्हा तिचे हात पुन्हा चालू लागले.

आता हॅलोजनखाली ते हात नीट चालत होते.

अमोल साहेबांनी विचारलं, "मग? कोणता ठेवायचा?"

"हाच," केशरबाई म्हणाली.

साहेबांना आश्चर्य वाटलं. पांढऱ्यात जास्त स्पष्ट दिसत होतं ना, त्यांनी विचारलं. केशरबाई म्हणाली की त्याच्यात डोकं ठणकते, दिवसभर बसवणार नाही. आणि हा ऊब देतो, बोटं चालली तर निवडाई होईल. हे ऐकून बाया खूश झाल्या. इतकी वर्षं मिलमध्ये काम करून त्यांना उबेबद्दल कुणी विचारलं नव्हतं. साहेबांनी मान डोलावली, विजेचं बिल ते बघतील म्हणाले. एकटे नत्थुजी शिडी उचलता उचलता पुटपुटले, "आज शेकून घ्या. उन्हाळ्यात रडसान."

नत्थुजी रोज काही ना काही अभद्र बोलतच असत, त्यामुळे कुणी लक्ष दिलं नाही.

गोदाबाईच्या डोळ्यांचं केशरबाईला दोन पावसाळ्यांपासून माहीत होतं. डावा डोळा आधीच गेला होता. उजव्यात काचबिंदू. केशरबाईच तिला डॉक्टरकडे घेऊन गेली होती. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती टिकवायची, म्हणून डॉक्टरांनी थेंब लिहून दिले. बाहेर येऊन गोदाबाई म्हणाली, डॉक्टरले काय समजते, मले दिसून राहिलं. केशरबाईने होकार दिला. तो होकार तिला पुढे चांगलाच महागात पडला.

पट्ट्यावर बसायची एक रीत होती. सगळ्यात जुनी, सगळ्यात सराईत बाई पहिल्या जागेवर. तिच्या हाताखालून मोठा कचरा निघतो. मुकादम शेवटच्या जागेवर, कारण पोत्यात जे पडतं त्याचा जाब तिला द्यावा लागतो. केशरबाईने ही रीत मोडली. पाठ दुखते, शेवटची जागा वाऱ्याची आहे, असं काहीतरी सांगून ती गोदाबाईला लागून दुसऱ्या जागेवर येऊन बसली आणि दामिनीला शेवटी धाडलं. तेव्हापासून ती दोघींची निवडाई करत होती. गोदाबाईकडून सुटलेला खडा तिच्यासमोर आला की उचलायचा आणि चेहरा हलू द्यायचा नाही. संध्याकाळी तिचे खांदे दगडासारखे होत. मुलगा नागसेन धारणीकडे आश्रमशाळेत शिक्षक होता. तो सुट्टीत आला की म्हणे, आई, आता पुरे कर. ती हो म्हणे आणि दुसऱ्या दिवशी डबा भरी.

हे सगळं कशासाठी, असं कुणी विचारलं असतं तर तिला नीट सांगता आलं नसतं. ती पहिल्यांदा मिलमध्ये आली तेव्हा नवरा जाऊन वर्षही झालं नव्हतं. त्या काळी जेवायच्या सुट्टीत बाया आपापल्या समाजाप्रमाणे वेगळ्या बसत. केशरबाई बौद्धवाड्यातली, तिच्या शेजारी जागा मोकळी राही. एक दिवस गोदाबाई आपली भाकर घेऊन उठली, तिच्याजवळ येऊन बसली आणि तिच्या डब्यातली भाजी न विचारता घेऊन म्हणाली, मीठ कमी हाय. एवढंच. त्यावर ना कधी बोलणं झालं, ना आभार. खडा डोळ्याने शोधू नको, हाताला लागला पाहिजे, हेही तिनेच शिकवलं.

आता त्या हातांचा शेवट आपल्या डोळ्यांदेखत होऊ नये, एवढंच केशरबाईला वाटे. मिलमधलं काम सुटलं तर गोदाबाई घरात बसेल. सून वाईट नव्हती, पण घरात तिला कुणी काही मागत नसे. मागणं बंद झालं की माणूस किती दिवस टिकतो, हे केशरबाईने सासूच्या वेळी पाहिलं होतं.

फेब्रुवारी बरा गेला. मार्चमध्ये बायांनी पदर खोचले. एप्रिलमध्ये अकोल्याने आपलं खरं रूप दाखवलं. वर तापलेला पत्रा, त्याखाली हॅलोजन, त्याखाली बाया. पंखा लावायची सोय नाही, वारा लागला की डाळीचा भुसा उडून नाकातोंडात जातो. कुणाच्या मानेवर घामोळ्या आल्या, कुणाची पाठ सोलली. बायांनी फोकसला नाव ठेवलं, केशरबाईचा सूर्य. सकाळी बटण दाबलं की कुणीतरी म्हणे, उगवले बाप्पा. सगळ्या हसत, आधी केशरबाईही हसली. मग फक्त बाकीच्या हसत राहिल्या.

नत्थुजींनी एकदा आपणहून विचारलं की पांढरा अजून गोदामात आहे, दुकानदाराने परत घेतलाच नाही, लावू का. केशरबाई नको म्हणाली. मालाले हाच बरा, एवढंच ती बोलली. हे वाक्य बायांनी ऐकलं. मग ज्या गोष्टीचं कारण सापडत नाही तिला लोक स्वतःच कारण देतात, तसं झालं. मुकादमिणीचं नत्थुजीशी काहीतरी कमिशन ठरलेलं असेल, अशी कुजबुज सुरू झाली. नत्थुजींकडे बघता त्यांना कुणी चहासुद्धा पाजला नसता, पण कुजबुजीला कशाचा आधार लागतो? केशरबाईच्या कानावर ते आलं. तिने ते गिळलं. पाण्याबरोबर गोळी गिळावी तसं ती आता बरंच काही गिळत होती.

मे महिन्यात माल पुन्हा परत आला.

दुपारच्या सुट्टीत अमोल साहेब हातात डाळीचं पाकीट घेऊन आले. त्यात वेचून ठेवलेले खडे होते, सगळे डाळीच्या रंगाचे. साहेब आवाज चढवत नसत, त्या दिवशीही चढवला नाही. त्यांनी एवढंच विचारलं की शेवटच्या जागेवर कोण बसतं. दामिनी उभी राहिली. साहेब म्हणाले की शेवटच्या हाताखालून एवढे खडे सुटत असतील तर दुसरी बाई बघावी लागेल, आठवड्याच्या शेवटी सांगतो. दामिनीला दोन लहान लेकरं होती आणि नवरा असून नसल्यासारखा. ती म्हणाली, साहेब, पिवळ्या उजेडात पिवळा खडा दिसत नाही, मी काय करू. साहेबांनी वर फोकसकडे पाहिलं, मग केशरबाईकडे पाहिलं.

केशरबाईने तोंड उघडलं. दामिनीची चूक नाही म्हणावं, तर मग कुणाची, हा पुढचा प्रश्न उभाच होता. ती म्हणाली की मी बघते साहेब, आणि खाली बसली. दामिनी तिच्याकडे अशा नजरेने पाहत राहिली की केशरबाईने डब्याचं झाकण लावलं. आपण एकीला झाकायला दुसरीला उघडं पाडलं, हे तिला त्याच क्षणी कळलं, आणि तरी तिने काही केलं नाही.

संध्याकाळी मिल सुटल्यावर दोघी नेहमीप्रमाणे फाटकाबाहेरच्या कडुनिंबाखाली ऑटोची वाट बघत उभ्या राहिल्या. गोदाबाईने एका हाताने केशरबाईचा दंड धरला होता. रस्त्यावरून झळ येत होती.

"केशर, एक सांग. तुले तो पांढरा फोकस काहून नको?"

"डोकं दुखते त्याच्यानं."

"कोनाचं?"

केशरबाई रस्त्याकडे पाहत राहिली. एक ऑटो आला, भरलेला होता, निघून गेला.

"त्याच्यात मले काई दिसत नाही, म्हणून?" गोदाबाईने विचारलं.

"व्हय."

"म्हंजे तुले मालूम होतं."

"होतं."

"अन् माह्याजवळ बसून तू माहे खडे उचलून राहिली."

"उचलले तं काय झालं, गोदाबाई? तुमीच तं शिकवलं मले."

गोदाबाईने दंडावरचा हात काढून घेतला. तिला धरायला दुसरं काही नव्हतं, म्हणून तिने झाडाचा टेकू घेतला.

"मले इचारलं काहून नाही? मी डोयानं गेली केशर, अकलेनं नाही गेली. मले वाटे, अजून जमून राहिलं आपल्याले. घरी जाऊन सुनेले सांगो का माह्यासारखी निवडाई कोनाची नाही. अन् तू इकडे मांगून झाडू मारून राहिली. निरा हसू करून टाकलं तू माहं."

केशरबाईला वाटलं, आता रडू येईल. आलं नाही. ती फार दमली होती.

"अन् त्या दामिनी पोट्टीनं तुहं काय खाल्लं होतं?" गोदाबाई म्हणाली.

रिकामा ऑटो आला तेव्हा गोदाबाई चाचपडत एकटीच चढली आणि पलीकडच्या टोकाला बसली.

दुसऱ्या दिवशी केशरबाई मिलमध्ये पोचली तेव्हा गोदाबाई आधीच आलेली होती. नातीला सोबत आणून तिने तिला दारात थांबवलं होतं. स्वतः अमोल साहेबांच्या टेबलासमोर उभी होती आणि पदर नीट डोक्यावर घेऊन सांगत होती की खडे माझ्या जागेवरून सुटत होते, दामिनीचा काही दोष नाही. साहेब गोंधळले. त्यांनी खुर्ची दिली, ती बसली नाही. पोती मोजायला, झाडझूड करायला राहा, असंही ते म्हणाले. ती म्हणाली, साहेब, मी निवडाईची बाई हाय. मग नत्थुजींना हाक मारून तिने गोदामातला पांढरा फोकस आणून लावायला सांगितलं.

नत्थुजी त्या दिवशी एक अक्षर न बोलता शिडीवर चढले. कमिशनची गोष्ट करणाऱ्या बाया एकमेकींकडे पाहत नव्हत्या. पांढरा उजेड पडला तेव्हा गोदाबाई दारात होती. तिने एकदा तोंड तिकडे फिरवलं, डोळे मिचकावले आणि नातीच्या खांद्यावर हात ठेवून बाहेर पडली. तिला धरायला केशरबाई दोन पावलं पुढे गेली होती. पण नात होती, आणि पट्टा सुरू झाला होता.

त्या दिवसापासून रीत पुन्हा लागली. जुनी बाई म्हणून पहिल्या जागेवर पार्बताबाई बसली, दामिनी मधे, केशरबाई शेवटच्या जागेवर. उजेड थंड होता, स्वच्छ होता, माल परत आला नाही. दामिनी दोन दिवस केशरबाईशी बोलली नाही, तिसऱ्या दिवशी तिने आपणहून पाण्याची बाटली पुढे केली. केशरबाईचं काम निम्म्यावर आलं होतं. तरी संध्याकाळी ती आधीपेक्षा जास्त थकलेली असे, आणि कडुनिंबाखाली उभं राहायचं टाळून चालतच पुढच्या चौकात जाई.

रविवारी ती गोदाबाईच्या घरी गेली. जावं की न जावं यात सकाळ गेली. गल्लीत वर्षाचे गहू भरायचे दिवस होते, घरोघरी धान्य वाळत होतं. गोदाबाई ओसरीच्या सावलीत मांडीवर सूप घेऊन बसली होती. शेजारच्या बाया आपापले गहू तिच्याकडे आणून देतात, असं सुनेने दारातच सांगितलं. सांगताना तिचा आवाज थोडा खाली आला होता. नंतर त्या पुन्हा घरी जाऊन निवडतात, असंही तिने सांगितलं.

"कोन हाय वं?" गोदाबाईने विचारलं.

"मी. केशर."

गोदाबाईची बोटं गव्हात फिरत राहिली. केशरबाई चपला काढून पायरीजवळ उभी होती आणि परत फिरायचं ठरवत होती.

"बस मंग," गोदाबाई म्हणाली.

ती बसली. सुनेने पाणी आणून दिलं. दामिनीचं काय झालं ते गोदाबाईने विचारलं, केशरबाईने सांगितलं. मिलबद्दल तिने दुसरं काही विचारलं नाही. थेंब घालता का, केशरबाईने विचारलं. नात घालते, ती म्हणाली.

"पाह्य बरं, साफ झाले का," गोदाबाईने शेवटी सूप तिच्यापुढे धरलं.

केशरबाईने पाहिलं. गव्हात एक खडा होता, गव्हाएवढाच, गव्हाच्याच रंगाचा. तिची बोटं सवयीने त्याच्यावर गेली आणि तो मुठीत आलाही. मूठ झाकली असती, साफ हाय म्हटलं असतं, तर कुणाला काही कळलं नसतं. तिला ते फार सोपं होतं.

तिने गोदाबाईचा हात धरला, उलगडला आणि तळव्यावर खडा ठेवला.

"हा राहिला होता."

गोदाबाईने तो दोन बोटांत घेऊन फिरवून पाहिला. नखाने घासला. मग अंगणात लांब फेकून दिला.

"अजून पाह्य," ती म्हणाली, आणि सूप तिच्या मांडीवर सरकवलं.